दोनशे अठरा अंश

आधीच माफी मागतो. मी लिहिणारा नाही. आमच्या घरात माझ्याआधी कोणी दहावीच्या पुढे गेलं नाही, आणि मीही बी.कॉम.च्या तिसऱ्या वर्षाला आहे, म्हणजे साहित्याशी माझा तसा काही संबंध नाही. मराठी मंडळाच्या अंकासाठी मॅडमनी 'मी पाहिलेला माणूस' असा विषय दिला, तेव्हा बहुतेकांनी आजी किंवा शाळेतले सर निवडले. मी ज्यांच्याबद्दल लिहितोय त्यांच्याबद्दल लिहायचा मला हक्क आहे की नाही, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. तुम्ही वाचा आणि तुम्हीच बघा.

मला त्यांचं पहिलं आठवतं ते वर केलेलं बोट. वर्कशॉपमध्ये गाडी आली आणि ड्रायव्हर खिडकीतूनच तक्रारी सांगायला लागला की ते एक बोट वर करायचे. "थांब भो. आधी त्याले बोलू दे." मग गळ्यात लटकवलेली हातभर रबरी नळी काढायची, एक टोक कानात, दुसरं इंजिनावर. तेवढा वेळ सगळे गप्प. कॉम्प्रेसरसुद्धा बंद. एकदा शेठ मोबाइलवर मोठमोठ्याने बोलत आत आले, तर त्यांच्यासमोरही ते बोट वर गेलं आणि शेठ अर्ध्या वाक्यात थांबले. पलीकडचा माणूस "हॅलो, हॅलो" करत राहिला.

हे वर्कशॉप सिल्वासाजवळ मसाटला, कारखान्यांच्या मागच्या रस्त्यावर. एका ट्रान्सपोर्टवाल्या शेठचं. मी सकाळी आठ ते बारा गेटवर गाड्यांची नोंद करायचो आणि दुपारी कॉलेजला जायचो. ते तिथले मिस्त्री. त्यांचं नाव लिहीत नाही. तिथे सगळे त्यांना मिस्त्रीच म्हणायचे, मी काका म्हणायचो. साक्रीकडचे होते, बोलण्यात अहिराणी डोकवायची. माझे वडील शिरपूरकडचे, राखोलीच्या सुताच्या कारखान्यात आहेत. एवढ्या ओळखीवर काका मला घरचा समजायचे. पण नावाने हाक कधी मारली नाही. मी त्यांच्यासाठी 'कॉलेज' होतो. "ए कॉलेज, चहा घेतला का?"

नावं त्यांच्या लक्षातच राहत नसत. माणसं त्यांना गाडीच्या आजारावरून आठवायची. दमणचं एक गिऱ्हाईक 'गरम होणारा', वापीचं एक 'पहाटे धूर मारणारा'. शेठना ते आमच्यात 'उशिरा ब्रेक लागणारा' म्हणायचे, कारण शेठ एकदा बोलायला लागले की लवकर थांबत नसत. शेठना हे माहीत होतं. ते हसायचे.

तुम्ही असं एखादं जुनं वर्कशॉप पाहिलं असेल तर तुम्हाला माहीत असेल की तिथे कामाचा आवाज हळूहळू कमी होत जातो. नव्या गाड्यांना लॅपटॉप लावावा लागतो, त्या कंपनीच्या सर्व्हिसला जातात. मी लागलो तेव्हा वर्कशॉपमध्ये सहा माणसं होती. दीड वर्षात तीन राहिली. काकांना याचा राग नव्हता. कोणी विचारलं तर म्हणायचे, "त्या गाडीले स्वतःचं डोकं शे. तिले माझं कशाला पाहिजे?" आणि नळी गळ्यात टाकून चहाला जायचे.

त्यांची बायको खूप आधी वारली होती. एकच मुलगी, दोंडाईच्याजवळ दिलेली. काका वर्कशॉपच्या मागच्या खोलीत राहायचे. म्हातारपणी मुलीकडे जाल ना, असं मी एकदा सहज विचारलं. ते म्हणाले, "जाऊ ना. पण गेलो की जावई उठून खुर्ची देतो. रोज कोणी उठून खुर्ची दिली तर माणसाला बसवत नाही रे."

शिक्षणाबद्दल त्यांना फार आदर होता. मराठी अडखळत वाचायचे, इंग्रजी अजिबात नाही. मी लागलो त्या आठवड्यात त्यांनी मला विचारलं होतं, बी.कॉम. म्हणजे कोणत्या गाड्या. मी हसलो आणि म्हणालो, सगळ्याच. तेव्हा तो विनोद होता. पुढे तो दुरुस्त करायची वेळ कितीदा तरी आली आणि मी केला नाही. खरं सांगायचं तर मला ते बरं वाटायचं. घरी वडील मला अजून पाण्याची कॅन आणायला पाठवायचे, आणि इथे एक साठी ओलांडलेला माणूस कुठलाही इंग्रजी कागद आला की माझ्या टेबलावर आणून ठेवायचा.

आता त्या ट्रकचं सांगतो.

खानवेलच्या पुढे एका टेकडीवर शेठ रिसॉर्ट बांधत होते. वर पाणी नाही. चढ छोटा पण उभा, आणि दोन वळणं इतकी आवळलेली की नवा लांब ट्रक तिथे वळतच नाही. ट्रॅक्टरच्या टाकीने पाणी पुरत नव्हतं. म्हणून शेठनी लष्कराच्या लिलावातून गेलेला एक जुना ट्रक कुठून तरी उचलून आणला. आखूड, उंच, सहा सिलिंडरचं पेट्रोल इंजिन. पुढच्या चाकांना ओढ देणारा भाग कोणीतरी कधीच काढून विकला होता, पण इंजिन जागेवर होतं. तो आत ढकलत आणला तेव्हा काकांनी त्याच्या बॉनेटवर हात ठेवला आणि बराच वेळ काढला नाही. तरुणपणी धुळ्याच्या गॅरेजमध्ये त्यांनी असली इंजिनं खोलली होती.

शेठनी सरळ सांगितलं. मार्चअखेर वर्कशॉप बंद. जागा भाड्याने जाणार. पण हा ट्रक होळीच्या आत भरलेली टाकी घेऊन टेकडी चढला, तर काकांनी वरच राहायचं. ट्रक त्यांच्या ताब्यात, जनरेटर त्यांच्या ताब्यात, एक खोली. "चडशे ने, मिस्त्री?" शेठनी गुजरातीत विचारलं, चढेल ना. काका म्हणाले, "त्याले आधी बोलू द्या."

त्या दिवसापासून ते वेगळेच झाले. सकाळी मी यायच्या आधी इंजिनाला लागलेले असायचे. रंगाऱ्याला सांगून ट्रकच्या दाराच्या आतल्या बाजूला पांढऱ्या रंगात पाण्याच्या टाकीचं माप लिहून घेतलं. वरच्या खोलीला खिडकी कुठल्या बाजूला आहे, हे त्यांनी शेठच्या ड्रायव्हरला दोनदा विचारलं.

इंजिन खोललं तेव्हा कॅमशाफ्ट गेलेला निघाला. माझ्यासारख्या वाचकांसाठी सांगतो: कॅमशाफ्ट म्हणजे इंजिनातली एक लांब दांडी. तिच्यावर अंड्याच्या आकाराचे उंचवटे असतात. दांडी फिरली की हे उंचवटे वॉल्व्ह उघडतात आणि सोडतात. आपल्या ट्रकचे उंचवटे घासून जवळजवळ गोल झाले होते. कंपनीचा मूळ कॅमशाफ्ट आता कुठेच मिळत नव्हता. जुन्या गाड्यांचे शौकीन लोक मात्र या इंजिनाला जास्त ताकदीचे कॅमशाफ्ट बनवून घेतात, तसे दोन ठिकाणी मिळाले. एक दिल्लीचा, एक कोइम्बतूरचा. दोघांनी मोबाइलवर कागद पाठवले. सगळे इंग्रजीत, सगळे आकडे.

"कॉलेज," काका म्हणाले, "तू वाच, माले सांग."

वाचायच्या आधी त्यांनी मला समजावलं. मी इतकं स्पष्ट समजावणं कॉलेजात फार वेळा ऐकलेलं नाही. ते म्हणाले, वॉल्व्ह म्हणजे दुकानाचं दार. दार किती उघडतं ही एक गोष्ट, किती वेळ उघडं राहतं ही दुसरी. हाटाच्या, म्हणजे आठवडी बाजाराच्या दिवशी गर्दी धावत येत असते, तेव्हा दार जास्त वेळ उघडं ठेवलं तर माल जास्त खपतो. ते रेसच्या गाडीचं काम. पण साध्या दिवशी गिऱ्हाईक सावकाश येतं. दार तेवढाच वेळ उघडं ठेवलं तर आत आलेलं माणूस परत बाहेर निघून जातं. आपला ट्रक हाटाची गाडी नाही. पाणी घेऊन सावकाश चढायचं आहे. दार वेळेवर बंद व्हायला पाहिजे.

"म्हणजे काय बघायचं?" मी विचारलं.

"दार किती वेळ उघडं, ते अंशात लिहिलेलं राहतं. ज्याचे अंश कमी, तो आपला."

दिल्लीच्या कागदावर लिहिलं होतं दोनशे अठरा. कोइम्बतूरच्या कागदावर दोनशे चाळीस. सोपं होतं. पण दिल्लीच्या आकड्याखाली बारीक अक्षरात एक ओळ होती. इतक्या उचलीवर मोजलेलं, असं काहीतरी, आणि पुढे शून्य, दशांश चिन्ह, शून्य, पाच, शून्य. कोइम्बतूरच्या कागदावर तशी ओळ नव्हती.

मला ती ओळ कळली नाही. मी ती वाचून दाखवली नाही.

बाजूला वेल्डर उभा होता, शेठचा ड्रायव्हर उभा होता. काका माझ्या तोंडाकडे बघत होते. कळत नाही असं म्हणायला मला फार तर एक सेकंद लागला असता. मी म्हणालो, "दिल्लीचा, काका. दोनशे अठरा." त्यांनी ड्रायव्हरकडे वळून मान हलवली, जणू स्वतःच्या मुलाने बोर्डात नंबर काढला होता.

आठ दिवसांनी पार्सल आलं. काकांनी तेलकट कागद सोडवला, दांडी मांडीवर आडवी घेतली आणि एकेका उंचवट्यावरून अंगठा फिरवला. तिसऱ्या उंचवट्यावर अंगठा थांबला. परत मागे आला. परत पुढे गेला.

"याचं नाक रुंद वाटतं भो," ते म्हणाले. "कागदावर किती होतं?"

"दोनशे अठरा."

अंगठा त्याच उंचवट्यावर राहिला. नीट मोजायचं तर घड्याळासारखं एक माप लागतं, ते वर्कशॉपच्या मशीनबरोबर आधीच विकलं गेलं होतं. "मग ठीक," ते म्हणाले. "कागद खोटा कशाला बोलेल."

मी हे प्रसंग लिहिताना कुठेतरी थांबून काही वाटतंय का ते बघतो. विशेष काही वाटत नाही. गेटवर बसून गाड्यांचे नंबर लिहायचो तसं लिहीत चाललोय. मॅडम म्हणाल्या होत्या, मनातलं लिहा.

इंजिन चालू झालं तो दिवस मात्र सगळ्यांना आवडला. जाग्यावर उभ्या ट्रकचा आवाज लंगडत, धडधडत येत होता, एखाद्या मोठ्या जनावराने छातीत घुरघुरावं तसा. शेजारच्या कारखान्यातली पोरं भिंतीवरून बघायला लागली. मोकळ्या रस्त्यावर शेठनी स्वतः चालवून बघितला आणि परत येऊन काकांच्या पाठीवर थाप मारली. वेल्डर म्हणाला, मिस्त्रीने म्हाताऱ्याला घोडा केला. सगळे हसले. काकांनी नळी कानाला लावली आणि बराच वेळ काढली नाही. बोट मात्र वर केलं नाही. एवढ्या गोंधळात गप्प बसा म्हणणार तरी कोणाला.

मी विचारलं, "कसा बोलतोय?"

"चांगला बोलतो," ते म्हणाले. "फक्त हळू बोलायला सांगितलं की अडखळतो."

होळीच्या आधीच्या रविवारी आम्ही टेकडीवर गेलो. शेठ गाडी घेऊन वरच्या वळणावर उभे राहिले. बांधकामावरची माणसं काम सोडून बघायला आली. काकांनी धुतलेला शर्ट घातला होता. टाकी भरलेली. मी आणि वेल्डर मागून दगड घेऊन चालत होतो, गाडी घसरली तर चाकामागे लावायला.

पहिलं वळण पळत येऊन घेतलं. दुसऱ्या वळणावर पळत यायला जागा नाही. तिथे गाडी जवळजवळ थांबवून, वळवून, मग ओढायची. काकांनी थांबवली, वळवली, आणि क्लच सोडला. इंजिन दोनदा धापलं आणि बंद पडलं. आम्ही दगड लावले. परत चालू केलं. जास्त रेस दिली तर चाकं मुरुमात गरगर फिरायची, कमी दिली तर इंजिन मरायचं. मधलं काही नव्हतंच. चार वेळा झालं. पाचव्या वेळी क्लचचा जळका वास आला.

शेठ खाली चालत आले. आवाज चढवला नाही. ते फक्त म्हणाले, रस्त्यावर तर एवढी पळत होती. हा कॅम कोणी निवडला?

मी काकांपासून दहा हातांवर होतो. हातात दगड होता.

"मी," काका म्हणाले. "गाडीत खोट नाही, शेठ. बसवताना हात चुकला माझा."

शेठ म्हणाले, शनिवारपर्यंत बघ काय होतंय ते. नाहीतर आपण ट्रॅक्टरच मोठा घेऊ. मग ते गाडीत बसून गेले. काकांनी टाकीतलं पाणी तिथेच उतारावर सोडून दिलं आणि ट्रक मागे मागे घेत खाली आणला. एकदाही ब्रेक चुकला नाही.

सोमवारी त्यांनी इंजिनाचा पुढचा भाग परत खोलला. तिथे दोन दातेरी चाकांवर खुणा असतात, त्या एकमेकींसमोर आल्या नाहीत तर वॉल्व्ह अवेळी उघडतात. बसवताना त्या खुणा आपण चुकवल्या, अशी त्यांची खात्री झाली होती. खुणा बरोबर होत्या. त्यांनी सगळं बसवलं. मंगळवारी परत खोललं. खुणा बरोबरच होत्या. "चष्म्याचा नंबर वाढला असेल," ते वेल्डरला म्हणाले, आणि त्याला बघायला लावलं. त्यालाही बरोबर दिसल्या.

मंगळवारीच साडेअकराच्या सुमारास कोइम्बतूरवाल्याचा फोन आला. मागे चौकशीला मी माझाच नंबर दिला होता. त्याला विचारायचं होतं, माल पाहिजे की नाही. मी म्हणालो, आम्ही दुसरा घेतला, तुमचा दोनशे चाळीस होता, त्यांचा दोनशे अठरा. तो हसला. वाईट हसला नाही. त्याने मला दोनदा सांगितलं. कोइम्बतूरचे अंश वॉल्व्ह जागेवरून हलल्याबरोबर मोजायला घेतलेले असतात. दिल्लीवाल्याचे वॉल्व्ह बराच वर उचलला गेल्यावर मोजलेले. दोघांचं माप एकाच जागेवरून घेतलं तर दिल्लीचं दार कितीतरी जास्त वेळ उघडं राहतं. "आपने तो रेस का कॅम पानी के ट्रक में डाल दिया, भाई."

मी गेटवर होतो. समोर चाळीस पावलांवर काका इंजिनात वाकले होते. खुणांवर खडूने पांढरं करून, पुसून, परत पांढरं करत होते.

मी उठलो नाही. बारा वाजता माझी ड्युटी संपली आणि मी कॉलेजला गेलो. त्या दिवशी कंपनी कायद्याचा तास होता. मी सगळं उतरवून घेतलं. ती वही माझ्याकडे आहे, अक्षर चांगलं आहे.

बुधवारी, गुरुवारी, शुक्रवारी मी रोज ठरवून गेलो. शनिवारपर्यंत कोइम्बतूरचं पार्सल आलं नसतं, असं मी स्वतःला सांगायचो. ते खरंही असेल. पण शेठना आणखी आठ दिवस मागता आले असते. मला ते माहीत होतं, आणि मागायचे तर आधी कारण सांगावं लागलं असतं. शुक्रवारी मी चहा घेऊन त्यांच्याजवळ गेलो. त्यांनी पेला घेतला, माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, परीक्षा कधी. मी म्हणालो, पुढच्या महिन्यात. ते म्हणाले, "मग इथे कशाला उभा राहतो? जाय, वाच."

शनिवारी शेठ आले, ट्रॅक्टरच घेतो म्हणाले आणि पाच मिनिटांत गेले.

काकांचं सामान म्हणजे एक पत्र्याची पेटी आणि एक पिशवी. सिल्वासाच्या बसस्टँडवर पेटी मी उचलून नेली. ते नाशिकमार्गे मुलीकडे निघाले होते, नाशिकची गाडी लागायला वेळ होता. ते बाकावर बसले, मी उभा राहिलो. त्यांनी जागा करून दिली, तरी उभा राहिलो. ते स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाले, "चाळीस वर्षं झाली, कॉलेज. एकदा तरी हात चुकणारच ना." मी म्हणालो, "हो काका."

मी "हो काका" म्हणालो. या सगळ्या लिखाणात दुसरं काही खोडलं तरी चालेल, हे वाक्य राहू दे, असं मी मॅडमना सांगणार आहे.

बस लागली. पेटी टपावर चढवली. त्यांनी खिडकीतून हात बाहेर काढला आणि रस्त्याकडे बोट करून मला निघायला सांगितलं, माझी दुपारची तासिका बुडत होती.

वर्कशॉप ठरल्याप्रमाणे मार्चअखेर बंद झालं. तिथे आता प्लास्टिकच्या दाण्यांचं गोदाम आहे. ट्रक कोणी नेला मला माहीत नाही. माझी परीक्षा झाली, मी पास झालो. वडिलांनी कारखान्यात पेढे वाटले. काकांना फोन करावा असं वाटायचं, मग वाटायचं की फोनवर त्यांचा आवाज आधी ऐकू येईल आणि मग मला बोलता येणार नाही. म्हणून पत्र लिहायचं ठरवलं. तेही दिवाळीच्या सुट्टीत लिहिलं. चार वेळा लिहून फाडलं. शेवटी फक्त जे झालं ते लिहिलं: खाली बारीक ओळ होती, मला कळली नाही, मी लपवली. फोन मंगळवारी आला होता, शनिवारच्या आधी. खुणा बरोबर होत्या. मुलीकडचा पत्ता माझ्याच जुन्या नोंदवहीत होता. पाकिटावर त्यांचं नाव लिहून पोस्टात टाकलं.

दोन आठवड्यांनी दुपारी अनोळखी नंबरवरून फोन आला. मी कॉलेजच्या पायऱ्यांवर होतो. बाईचा आवाज होता. तिने विचारलं, सिल्वासाचे कॉलेजवाले भाऊ तुम्हीच का. मी हो म्हणालो. ती काकांची मुलगी होती.

"तुमचं पत्र आलंय, भाऊ. वर आप्पांचं नाव आहे, म्हणून आम्ही उघडलं नाही. मागे तुमचा नंबर होता. आप्पा पोळ्याच्या आधीच गेले. झोपेतच. तुम्हाला कळवायला कोणाकडे नंबर नव्हता. हे पत्र काय करू? फोटोजवळ ठेवलंय. उघडू का?"

मी म्हणालो, उघडा. तुम्ही वाचा, आणि घरी सगळ्यांना वाचून दाखवा.

फोन तिने बंद केला नाही. पाकीट फाडल्याचा आवाज आला. ती हळू वाचत होती, मधूनमधून एखादा शब्द तोंडातून ऐकू यायचा. दोनशे. बारीक. मंगळवारी. मागे कुठेतरी म्हैस ओरडत होती. पत्र दीड पानाचं होतं, पण पुष्कळ वेळ लागला. ती परत पहिल्यापासून वाचत असावी.

मग ती बोलली. जून महिन्यात आमच्या विहिरीवरचं डिझेल इंजिन बंद पडलं, ती म्हणाली. ह्यांनी आप्पांना हाक मारली, आप्पा, जरा बघता का. आप्पा खाटेवरून उठले नाहीत. म्हणाले, कोण्या जाणत्या माणसाला बोलवा, माझा हात आता चुकतो. मग ह्यांनी शिंदखेड्याहून माणूस आणला. तो माणूस काम करत होता तेवढा वेळ आप्पा तोंड फिरवून बसले होते. त्यानंतर त्यांनी कशालाच हात लावला नाही, भाऊ. नातवाच्या सायकलची साखळी उतरली तरी त्याला दुकानात पाठवायचे. आम्हाला वाटलं, दमले असतील.

फोनवर परत कागद उलटल्याचा आवाज आला.

"म्हणजे त्यांचा हात चुकला नव्हता," ती म्हणाली.

"नाही, ताई," मी म्हणालो.